वेरूळचं चित्रपुस्तक: शोभेचं की पुराव्याचं?
चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रं छापली. अशी पुस्तकं दिवाणखान्याची शोभा, असं अनेकांना वाटतं. मला ती कागदपत्रांइतकीच महत्त्वाची वाटतात. कॅमेऱ्याचा शोध लागण्याआधी लेणी कशी दिसत, हे सांगायला दुसरं आहे काय? आक्षेप रास्त आहे: त्या काळचे चित्रकार देखावा खुलवायला झाडं, सावल्या पदरच्या घालत. पण म्हणून चित्र फेकायचं नसतं, ताडून पाहायचं असतं. वेल्सच्याच काळात पुण्याच्या गंगाराम तांबटांनीही वेरूळ रेखाटलं. (त्यांची चित्रं आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आपल्याकडे नाव मात्र क्वचितच निघतं!) दोघांची चित्रं शेजारी ठेवली, की दगड कुठला आणि कल्पना कुठली, हे बरंचसं उमगतं.