संकटाच्या पहिल्या घटका आणि गावातील संस्था

मृग लागण्यापूर्वी शेतकरी आपली सर्व तयारी करून ठेवतो. तिफण दुरुस्त होते, वखराची पास धारेला लावली जाते, बियाण्याची उगवणशक्ती तपासली जाते. पेरणीच्या बाबतीत एवढा दक्ष असणारा शेतकरी पूर, वीज किंवा विषबाधा या संकटांपुढे मात्र बहुधा बेसावध सापडतो. पाणी गावात शिरल्यावर दोर शोधू लागणे म्हणजे पेरणीच्या दिवशी तिफण घडवून घेण्यासाठी सुताराकडे जाण्यासारखेच होय.

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पुराने वेढा घातला आणि तेथे अडकलेल्या लोकांच्या सुटकेसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलास व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांस पाचारण करावे लागले. शासनाची यंत्रणा अशा वेळी धावून येते, यात शंका नाही. परंतु रस्ते पाण्याखाली असतात, वीज गेलेली असते, दूरध्वनी लागत नाही. पथक गावापर्यंत पोहोचेतो ज्या घटका जातात, त्या गावाला स्वतःच्या बळावर काढाव्या लागतात; आणि पुष्कळ जीव वाचतात किंवा जातात ते याच वेळात.

संस्थांजवळ काय आहे ?

या वेळी गावाच्या उपयोगी कोण पडेल ? आपल्या जिल्ह्यात असे गाव विरळाच, की जेथे एखादे देवस्थान, विहार, मशीद, चर्च, श्रीगुरुदेव सेवा मंडळाची शाखा, महिला बचत गट किंवा दुर्गोत्सव मंडळ नाही. तांड्यावर सेवालाल महाराजांचे मंदिर असते. या संस्थांजवळ पक्का सभामंडप असतो, शंभर माणसांचा स्वयंपाक होईल अशी भांडी असतात, ध्वनिक्षेपक किंवा घंटा असते. याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास असतो. मध्यरात्री अनोळखी माणसाने ‘घर सोडा’ म्हटले तर कोणी उठणार नाही. पण रोज ज्यांच्याबरोबर सामुदायिक प्रार्थनेस बसतो, त्यांच्या शब्दावर माणूस लेकराला काखेत घेऊन निघतो.

उणीव असते ती शिक्षणाची. केवळ चांगल्या मनाने संकट टळत नाही. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी पोहणाराही न विचार करता उडी घेतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. म्हणून अंगी असलेल्या सेवाभावाला शिस्तीची व ज्ञानाची जोड दिली पाहिजे.

चार संकटे, चार धडे

पहिले संकट पुराचे. पैनगंगा, वर्धा, अरुणावती, पूस, अडाण, बेंबळा या नद्यांच्या काठच्या गावांनी व त्यांना मिळणाऱ्या नाल्यांनी ते पुरते पाहिले आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागाव येथे पुलावरून पाणी वाहत असता एस.टी.ची बस वाहून गेली व त्यात प्राणहानी झाली. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचे पाय उचलते आणि दोन फूट पाण्यात बहुतेक मोटारी तरंगू लागतात. तेव्हा पुलावरून पाणी वाहू लागताच मंडळाच्या दोन स्वयंसेवकांनी दोन्ही बाजूंस दोर बांधून वाट अडवावी. बुडत्यास दोर, बांबू, ट्रॅक्टरची हवा भरलेली नळी किंवा झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबा द्यावा. स्वतः पाण्यात उतरू नये. घर सोडताना गुरांची दावी सोडून द्यावीत, म्हणजे ती आपला जीव आपण वाचवू शकतील.

दुसरे संकट विजेचे. ढगांचा गडगडाट ऐकू आला की वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आहोत असे समजावे आणि काम टाकून पक्क्या इमारतीत जावे. झाडाचा आसरा घेऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केले आहे. ते गावातील निदान दहा भ्रमणध्वनींवर असावे आणि सूचना येताच मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून शेतांपर्यंत पोहोचवावी. वीज पडलेल्या माणसास स्पर्श केल्याने धक्का बसतो, ही समजूत चुकीची आहे. श्वास थांबला असल्यास त्याची छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न तात्काळ सुरू करावा. ही कृती वाचून येत नाही. आरोग्य केंद्रातील जाणकारांकडून शिकूनच घ्यावी.

तिसरे संकट आपल्याच हातातील पंपाचे. २०१७ सालच्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचली होती आणि दाट पिकात फवारा अंगावर येत होता. हे दुःख गाव विसरलेले नाही. डोळ्यांची आग, मळमळ, घाम, लाळ किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास फवारणी थांबवावी, कपडे काढावेत आणि साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. उगाच वांती करवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावी; कोणते विष आहे हे कळल्याविना डॉक्टरांस उपचार ठरविणे कठीण जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक प्रत्येक सभामंडपाच्या भिंतीवर ठळक रंगवावा.

चौथे संकट सर्पदंशाचे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास धीर द्यावा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात विनाविलंब न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेली घटका परत मिळत नाही.

शिबिर कसे योजावे ?

मे महिन्यात, उन्हाळी कामे संपत आली की, गावातील सर्व संस्थांचे मिळून एक दिवसाचे शिबिर घ्यावे. ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती व कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी यांनी पुढाकार घ्यावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. प्रशिक्षक मिळविण्यासाठी त्यांच्या कार्यालयाशी तहसीलमार्फत पत्रव्यवहार करावा.

सकाळी सर्वांनी मिळून गावाची फेरी काढावी. पाणी कोठून शिरते, उंच जागा कोणती, कोणती भिंत खचली आहे, हे जमिनीवर नकाशा काढून दाखवावे. जुन्या माणसांना विचारावे. पुराची खूण त्यांच्या ध्यानात असते. दुपारी याद्या कराव्यात : अंथरुणास खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग, एकटी राहणारी माणसे. प्रत्येकाच्या नावापुढे त्यास घेऊन येणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. ट्रॅक्टर कोणाकडे, लांब दोर कोणाकडे, पट्टीचा पोहणारा कोण, हेही नोंदवावे. सायंकाळी इशारा ठरवून प्रत्यक्ष सराव करावा. एका घंटेचा अर्थ ‘सावध’ आणि सतत घंटेचा अर्थ ‘सभामंडपात या’, असे काहीतरी सोपे व सर्वांस ठाऊक असावे. शेवटी हजेरी घ्यावी. यादीतील कोण आले नाही हे कळणे, हाच सरावाचा खरा हेतू होय.

महिला बचत गटांकडे धान्य, पिण्याचे पाणी व लहान मुलांची व्यवस्था सोपवावी. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी ग्रामपंचायतीकडून शुद्ध करून घेतल्याविना कोणी पिऊ नये. सातबारा, बँकेचे पुस्तक व पीकविम्याचे कागद प्रत्येकाने मेणकापडाच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. ११२, १०८ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक शाळकरी मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. संकटात उघडलेले दार सर्वांसाठी उघडे असले पाहिजे. मंदिर उंचावर असेल तर तेथे मशिदीतील माणसेही येतील. चर्चचे छत पक्के असेल तर त्याखाली तांडा व वस्ती दोन्ही बसतील. हे त्या रात्री ठरवू म्हटल्यास ठरत नाही. ते शिबिरातच, सर्वांच्या साक्षीने ठरवून ठेवावे.

‘आमचे काम भजनाचे, हे काम सरकारचे,’ असे कोणी म्हणेल. परंतु शेजाऱ्याचा जीव वाचविणे ज्या सेवेत बसत नाही, ती सेवा कसली ? पाऊस आपल्या हाती नाही. दोर कोठे ठेवला आहे हे माहीत असणे आपल्या हाती आहे. तेव्हा ग्रामबंधूंनो व भगिनींनो, यंदा मृगाच्या तयारीत एक दिवस यासाठी राखून ठेवा. तिफणीबरोबर गावही सज्ज करा.