कडू घोटाला पन्नासपैकी पस्तीस

पांढुर्णा-सौंसरकडे दारूची परीक्षा एकाच कसोटीवर होते : चढते की नाही. मोहाची असो, देशी असो की इंग्रजी, तिची चव कशी होती हे कोणी विचारत नाही. पिणारा नाक मुरडतो, घोट एकदम खाली उतरवतो आणि वरून चिवड्याचा बकणा भरतो. म्हणूनच पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने, "मामाजी, चला, आज बिअरला मार्क देऊ," म्हटले तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

पुणे शहर या बाबतीत पुढेच आहे. २००९ साली तिथे 'डूलाली' सुरू झाली, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. मायक्रोब्रुअरी म्हणजे लहान प्रमाणावर, तिथल्या तिथे बिअर तयार करून ताजी विकणारी जागा. भाच्याने मला अशाच एका ठिकाणी नेले. मागवली ती 'इंडिया पेल एल'. नावात इंडिया, पण जन्म विलायतेचा!

तिचा इतिहास मजेदार आहे. कंपनी सरकारच्या काळात लंडनच्या बो भागातला हॉजसन आपली बिअर हिंदुस्थानात पाठवीत असे. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी त्याच्याशी स्पर्धा मांडली. जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा आणि वाटेत विषुववृत्ताची उष्णता. बिअर आंबट होऊ नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालीत. हॉप्स ही थंड प्रदेशातली वेल. तिच्या मादी फुलांत कडू राळ असते, ती बिअर नासवणाऱ्या जंतूंना आवरते. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये ही वेल लावतात.

दुसरा घटक माल्ट. हा शब्द परका वाटला तरी वस्तू परकी नाही. लेकरांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो ना? तसेच जवाला मोड आणून भट्टीत वाळवले की झाले माल्ट. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होते, ते पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करते आणि त्या साखरेवर यीस्ट काम करते. माल्ट गोडवा देतो, हॉप्स कडवटपणा. दोघांचे जमले की संसार सुखाचा!

भाच्याने खिशातून छापील कागद काढला. अमेरिकेत बिअरच्या स्पर्धांसाठी ठरवलेली ही पन्नास गुणांची पद्धत : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण समाधानाला १०. फेसाचा थाट बघून आपण भुलतो, त्या रूपाला अवघे तीन गुण. मुलगी बघायला जाणाऱ्यांनीही हा कागद जवळ ठेवावा!

"पहिले वास घ्या मामाजी, घोट नंतर," तो म्हणाला. मी पेला नाकाशी नेला आणि थबकलो. संत्र्याची साल नखाने फोडल्यावर जो झणका उठतो, अगदी तोच! मृग बहराच्या तोडणीत पांढुर्ण्याच्या मंडीत उभे राहिल्यासारखे वाटले. "यात संत्री घातली का रे?" मी विचारले. नव्हती घातली. हॉप्सच्या तेलातच काही घटक लिंबू-संत्र्याच्या सालीतले असतात. उकळताना शेवटी घातलेले हॉप्स हा सुगंध टिकवतात, तर सुरुवातीला घातलेले जास्त वेळ उकळून कडवटपणा देतात. बेल्जियममधल्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. दोन्ही जिन्नस आपल्या स्वयंपाकघरातले.

रंग मधासारखा, थोडा गढूळ. पहिला घोट भाजलेल्या पोळीच्या कडेसारखा खमंग, किंचित गुळचट. मग कडवटपणा आला आणि जाईना. पाडव्याचा कडुनिंब आणि मेथीची भाजी खाऊन वाढलेल्या जिभेला कडूचे वावडे नाही. पण मेथी कडू लागून लगेच मागे सरते. इथे घोट गिळल्यावरही घशाशी कडू रेंगाळत होते, माल्टचा गोडवा त्याला पुरा पडत नव्हता. वास ९, रूप २, चव १३, तोंडातला भरीवपणा ४, समाधान ७. एकूण ३५, म्हणजे त्या कागदाच्या हिशेबाने 'फार चांगली'. भाच्याने ४१ दिले. त्याला तो रेंगाळणारा कडवटपणाच आवडतो. अर्धा तास आम्ही त्या सहा गुणांवर भांडलो. सव्वा तासात दोघांत मिळून एकच पेला, तोही तळाशी उरला. परतताना रिक्षा केली.

घरी आल्यावर बहिणीने मला बाजूला घेतले. आमच्या घराण्यात पिण्यापायी शेत गेलेले तिने लहानपणी पाहिले आहे. ती म्हणाली, "भाऊ, चव घेऊन प्याली तं ते दारू नसते का?"

असते. साधारण सहा टक्के अल्कोहोल त्यातही होते. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. गुणांचा कागद हा काही परवाना नव्हे. मी तिला तसेच सांगितले. इतकेच जोडले, की तुझा लेक पेल्यात काय आहे ते बघतो, आणि जो बघतो त्याला थांबताही येते. तिचे समाधान झाले नाही. आईचे ते होऊही नये.

आपल्या भागाला हा प्रश्न जुनाच. दारूबंदीचा वर्धा जिल्हा फार दूर नाही, शेजारच्या मुलताईत १ एप्रिल २०२५ पासून दुकाने बंद झाली. दुसरीकडे मध्यप्रदेश सरकारने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा दिला. आलीराजपूरची 'मोंड' आणि दिंडोरीची 'मोहुलो' आदिवासी बचतगटांनी बाटलीत भरली. ज्या मोहाला आपण नाक मुरडत आलो, त्याच्या फुलाचा वास मार्च-एप्रिलच्या पहाटे सातपुड्यात फिरणाऱ्याला विचारा. गोंड घरातली म्हातारी वासावरून सांगते फूल कोणते चांगले वाळले, भट्टी कुठे करपली. तिची ही पारख कोणत्याच कागदावर आलेली नाही. विलायती कडू फुलाला बारा गुणांचा रकाना आहे, मग मोहाच्या गोड फुलाला का नसावा? तो रकाना भरायला प्यावेच लागते असे नाही. मोहफुलांची भाकर, लाडू आणि लाटाही आहेत की! सुरुवात तिथून करू, आणि पहिले मार्क बहिणीलाच देऊ द्या.