मीठ, स्पिरिट आणि थंडीत रुसलेला टॉर्च

बाबा लडाखहून सुट्टीवर आले की टॉर्चची बॅटरी उशाखाली घेऊन झोपतात. आम्ही हसायचो. या हिवाळ्यात ट्रेकवर पहाटे माझा टॉर्च अचानक विझला. बॅटरी काढून जाकिटाच्या आत धरली, थोड्या वेळाने टॉर्च पुन्हा लागला! मग मात्र मी हसणे सोडून कारण शोधू लागले.

सुरुवात मिठापासून करू. एक मोल, म्हणजे ५८.५ ग्रॅम मिठाचा स्फटिक फोडून आयन सुटे करायला सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू आयनांना वेढतात आणि जवळजवळ तेवढीच ऊर्जा परत देतात. तूट फक्त ४ किलोजूलच्या आसपास. आयन मोकळे झाल्याने एन्ट्रॉपी वाढते आणि ती तूट भरून निघते.

प्रयोगशाळेत मी तेच मीठ स्पिरिटमध्ये टाकून ढवळले. ते तळाशीच बसले. पाणी आयनांमधले आकर्षण सुमारे ७८ पट कमी करते, इथेनॉल मात्र २४ पटच.

मग लिथियम-आयन बॅटरीत पाणीच का वापरत नाहीत? कारण पाण्याचे विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात आणि या सेलचा दाब असतो सुमारे ३.७ व्होल्ट. म्हणून तिथे सेंद्रिय द्रावक लागतो. त्यात विरघळवतात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट. याचा ऋण आयन मोठा, त्यावरचा भार पसरलेला, म्हणून स्फटिकाची पकड सैल. उलट लिथियम आयन इवलासा, द्रावकातले ऑक्सिजन त्याला घट्ट धरतात. त्यामुळे हे मीठ विरघळताना उष्णता बाहेर पडते.

इथिलीन कार्बोनेट हा द्रावक आकर्षण सुमारे ९० पट कमी करतो, पण एकटा असला तर ३६ अंश सेल्सिअसलाच गोठतो! म्हणून त्यात डायमिथाइल कार्बोनेटसारखा पातळ द्रावक मिसळतात. एक आयन सुटे करतो, दुसरा त्यांना वाट मोकळी करून देतो.

कडाक्याच्या थंडीत हे मिश्रण दाटते, आयन रेंगाळतात. शिवाय इलेक्ट्रोडमध्ये शिरण्यापूर्वी लिथियमला भोवतीचे द्रावकाचे रेणू झटकावे लागतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा थंडीत फार थोड्या आयनांकडे असते. म्हणजे माझी बॅटरी संपली नव्हती, फक्त गारठली होती.

कॅडेट्सनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जादा बॅटरी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, अंगाजवळ ठेवा. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. तेव्हा लिथियम ग्राफाइटच्या आत न जाता पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. बॅटरीची क्षमता कायमची घटते, आतून शॉर्ट होण्याचाही धोका असतो.

आता घरी बाबांच्या उशाखाली एक नाही, दोन बॅटऱ्या असतात. दुसरी माझी.