लांबच्या आजारपणातील सहप्रवासी



कर्करोगाचे निदान झाले की घरात धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया केव्हा, किरणोपचार किती दिवस, पैसा कोठून उभा करायचा, असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. परंतु काही कर्करोग असे आहेत की त्यांचे निदान झाल्यावर डॉक्टर शांतपणे सांगतात, ‘तूर्त काहीही करायचे नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासून पुन्हा या.’ रुग्ण आणि नातलग गोंधळून जातात. कर्करोग आहे आणि उपचार नाहीत, याचा अर्थ काय लावावा? आशा सोडली की धोका टळला? या दोन्हींपैकी काहीच खरे नसते. अशाच एका दुर्मीळ आजाराची ओळख आज करून घेऊ आणि त्या रुग्णांना कोणाच्या सोबतीची गरज असते, याचाही विचार करू.

आजाराचे स्वरूप

स्वीडनमधील डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नाकातोंडातून रक्त येत असे, अंगात रक्त कमी होते आणि रक्तातील एका मोठ्या आकाराच्या प्रथिनाचे प्रमाण फार वाढलेले होते. पुढे या आजाराला ‘वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया’ असे नाव मिळाले. हा लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचा, संथ गतीने वाढणारा प्रकार आहे.

आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करतात. संसर्ग होताच सर्वप्रथम जे प्रतिपिंड तयार होते, त्याला ‘आयजीएम’ म्हणतात. पाच घटक एकत्र जोडलेले हे प्रथिन आकाराने मोठे असते. वाल्डेनस्ट्रॉमच्या आजारात अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशी हे प्रथिन विनाकारण तयार करीत राहतात. त्याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. अस्थिमज्जेतील जागा त्या पेशींनी व्यापल्यामुळे तांबड्या पेशी कमी होतात व रुग्णाला सतत थकवा जाणवतो. दुसरे म्हणजे प्रथिनाचे प्रमाण फार वाढले की रक्त दाट होते. मग डोके दुखते, दृष्टी अंधुक होते, नाकातून व हिरड्यांतून रक्त येते. काहींच्या तळपायांना मुंग्या येतात व बधिरपणा जाणवतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या शेजारी बसल्याने तो कोणालाही होत नाही. तो बहुधा उतारवयात, साठी-सत्तरीच्या आसपास आढळतो. २०१२ साली संशोधकांना असे आढळले की दहापैकी नऊहून अधिक रुग्णांच्या बिघडलेल्या पेशींत ‘एमवायडी ८८’ या जनुकात एक विशिष्ट बदल झालेला असतो. या शोधामुळे निदान अधिक नेमके झाले.

आज तरी हा आजार मुळापासून बरा होत नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो आणि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे आपापली कामे करीत जगतात. रक्त अतिशय दाट झाल्यास यंत्राद्वारे रक्तद्रव बदलतात. रिटुक्सिमॅब हे औषध इतर औषधांच्या जोडीने शिरेतून देतात. २०१५ साली अमेरिकेत इब्रुटिनिब या गोळीला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि २०२१ साली झानुब्रुटिनिब या गोळीला. रिटुक्सिमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून आपल्या देशात मिळू लागली, ही मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने मोठी सोय झाली.

प्रतीक्षेचे ओझे

ज्यांना काहीच त्रास होत नाही, त्यांना लगेच औषध दिले जात नाही. औषधांचे स्वतःचे दुष्परिणाम असतात आणि त्रास नसताना ती देऊन लाभ होतो, असे दिसून आलेले नाही. म्हणून ‘लक्ष ठेवून वाट पाहणे’ हाच तेथे योग्य उपचार ठरतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे. माणसाच्या मनाला मात्र तो फार जड जातो. दर तीन महिन्यांनी रक्ततपासणीचा कागद हाती येईपर्यंत झोप लागत नाही. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून शेजारी म्हणतात, ‘तुम्हाला काय झालंय? छान तर दिसता.’ थकवा खरा असतो, पण तो कोणाला दाखवता येत नाही.

त्यात आजाराचा दुर्मीळपणा भर घालतो. पाश्चात्त्य देशांतील आकडेवारीनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे तीन जणांना हा आजार नव्याने होतो. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. तोच हिशेब येथे लावला तर तेवढ्या वस्तीत वर्षाकाठी तीन-चार नवे रुग्ण! मधुमेहाच्या रुग्णाला मिस्सानंतर चर्चच्या आवारात दहा समदुःखी भेटतात. या रुग्णाला संपूर्ण धर्मग्रामात एकही भेटत नाही.

आणि आपण आजार लपवतो, हेही मान्य करायला हवे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, नोकरीच्या ठिकाणी कळायला नको, लोक दयेने पाहतील, अशी कारणे असतात. मोठ्या पदावरील माणसेही याला अपवाद नाहीत. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पोम्पिदू यांना हाच आजार होता. त्यांचा सुजलेला चेहरा देश पाहत होता. परंतु आजाराचे खरे स्वरूप जनतेपासून लपवून ठेवण्यात आले. २ एप्रिल १९७४ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सत्तेची अपरिहार्यता आपण समजू शकतो. परंतु दुखणे झाकून ठेवणाऱ्याला सोबत मिळत नाही, हा नियम राजवाड्यात आणि झोपडीत सारखाच लागू पडतो.

समदुःखी माणसाचा आधार

डॉक्टर आजार जाणतात, कुटुंबीय रुग्णाला जाणतात. पण त्या आजारासह जगणे म्हणजे काय, हे दुसरा रुग्णच जाणतो. थकवा आलेल्या दिवशी कोणते काम बाजूला ठेवावे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी कागदावर कसे लिहून न्यावेत, मुलांना केव्हा व किती सांगावे, या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. ‘मला हे निदान होऊन आठ वर्षे झाली’ असे समोरचा माणूस म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्याने नव्या रुग्णाला जो धीर येतो, तो दहा उपदेशांनी येत नाही.

ही गरज ओळखून १९९४ साली अमेरिकेत वाल्डेनस्ट्रॉमच्या रुग्णांचा आधारगट सुरू झाला. त्यातूनच या आजारासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान उभे राहिले. ते रुग्णांना एकमेकांशी जोडून देते, सोप्या भाषेतील माहिती पुरवते आणि देणग्यांतून संशोधनालाही साहाय्य करते. मुंबईतही अशा कार्याची परंपरा आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, तर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून कार्यरत आहे. कर्करोगातून बाहेर पडलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली व्ही केअर फाउंडेशन सुरू केले. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना धीर देणाऱ्या त्यांच्या स्वयंसेवकांत स्वतः हा आजार सोसलेली माणसेही आहेत. आपला नेमका आजार असलेला माणूस जवळपास सापडला नाही, तरी संथ वाढणाऱ्या इतर लिम्फोमाचा रुग्णही आपली प्रतीक्षा समजू शकतो.

या सोबतीला मर्यादाही आहेत. सहरुग्ण हा डॉक्टर नव्हे. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही. उदाहरणार्थ, रिटुक्सिमॅब सुरू केल्यावर काही रुग्णांत आयजीएमचे प्रमाण काही काळ उलट वाढते. हे माहीत नसलेला शेजारी ‘औषध बाधले’ असे सांगून उपचार सोडायला लावू शकतो. डॉक्टरांना मात्र ही वाढ अपेक्षित असते. तसेच ‘शर्तिया इलाज’ विकणाऱ्यांपासून आणि ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला?’ असे म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहावे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे ही परमेश्वराचीच निर्मिती असल्याची आठवण देतो. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही.

श्रद्धेचा प्रकाश

संत पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी करिंथकरांना लिहिले आहे. तो काटा दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही; तो सोसण्यास पुरेल एवढी कृपा मिळाली. बऱ्या न होणाऱ्या आजारासह जगणाऱ्यांसाठी याहून जवळचा उतारा शोधूनही सापडणार नाही. त्याच पत्राच्या आरंभी पौल सांगतो की आपल्याला मिळालेले सांत्वन आपल्यापाशी ठेवण्यासाठी नसते. संकटात असलेल्या इतरांना ते देता यावे म्हणून ते मिळते. सहरुग्णांच्या आधाराचे मर्म यात आले.

ईयोबाचे मित्रही आठवावेत. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि सांत्वन संपले. रुग्णाला भेटायला जाताना हा धडा आपण विसरू नये.

धर्मग्रामात काय करता येईल?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी हा लूर्दमातेचा सण ‘जागतिक रुग्ण दिन’ म्हणून घोषित केला. १९९३ साली तो प्रथम साजरा झाला. त्या दिवशी रुग्णांसाठी मिस्सा होते, ते उत्तमच. पण रुग्णाचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव व आजार वेदीवरून किंवा लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत जाहीर करू नये. दुसरी, समान आजाराचे दोन रुग्ण धर्मगुरूंना ठाऊक असतील तर दोघांनाही वेगवेगळे विचारावे आणि दोघे तयार असतील तरच त्यांची गाठ घालून द्यावी. तिसरी, पहाटेच्या लोकलने तपासणीसाठी परळला जाणाऱ्या वृद्धाबरोबर कोणीतरी जावे. तरुणांनी ही पाळी वाटून घ्यावी. चौथी, या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असते, म्हणून सर्दी-खोकला असताना त्यांच्या घरी भेटीला जाऊ नये.

शेवटची गोष्ट रुग्णाभ्यंगाच्या संस्काराची. हा संस्कार फक्त मरणासन्न माणसासाठी आहे, असा समज आजही घरोघरी आहे. धर्मगुरू तेल घेऊन आले की माणसे रडू लागतात! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की तो केवळ अखेरच्या क्षणी असलेल्यांसाठी नाही. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे धोका निर्माण होऊ लागला की तो घेण्याची योग्य वेळ आलेली असते. आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. गंभीर आजारासह दीर्घकाळ जगणाऱ्यांनी तो संकोच न करता मागावा.

मार्ककृत शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्य स्वतःच्या पायांनी प्रभूपर्यंत पोहोचला नाही. चौघांनी त्याला उचलून, छप्पर उघडून खाली सोडले. आपल्या धर्मग्रामात कोणाच्या तरी खाटेचा एक कोपरा आजही धरणाऱ्याची वाट पाहत असेल. तो कोणाचा, याची या आठवड्यात चौकशी करू या.