सायकलीचा दिवा आणि खनिजाचा रस्ता

मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी शासन अनुदान देते. २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी, ही अट. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात ही योजना मोलाची ठरली, यात वाद नाही. मात्र सायकलवरून निघालेली मुलगी घरी पोहोचते केव्हा, याचा विचार झालेला दिसत नाही.

गडचिरोली मुंबईच्या पूर्वेस सुमारे सात रेखांश आहे. घड्याळ एकच असले, तरी येथे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या आरंभी साडेपाचलाच दिवस संपतो. पाचला शाळेतून निघालेल्या मुलीस वाटेतच अंधार गाठतो, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाचे भय वेगळेच. पूर्वी सायकलीला डायनॅमो असे, बिनदिव्याच्या स्वारास पोलीस अडवीत. आजच्या साध्या सायकलीला बहुधा दिवा नसतोच. मागचा तांबडा परावर्तक चिखलाने माखला, की ती मागच्या वाहनास दिसत नाही. आणि ताशी साठ किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात सोळा-सतरा मीटर कापतो.

हे ट्रक घुग्घुस-राजुरा पट्ट्यात कोळशाचे, गडचांदूरकडे सिमेंटचे, तर एटापल्ली तालुक्यातील सुरजागडहून लोहखनिजाचे. सुरजागडला २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाची पर्यावरणीय मंजुरी मिळाली. हे सारे तीस टनी ट्रकांनी न्यावयाचे म्हटले, तर दिवसाला नऊशेंवर खेपा होतात; तितकेच रिकामे ट्रक परत. २०२५ मध्ये कोनसरीपर्यंत नळवाहिनी सुरू झाल्याने तेथील काही भार उतरेल. कोळसापट्ट्यास तो दिलासा नाही.

अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात. खनिजाच्या भावात रस्त्यावरील धोका धरला जात नाही. तो सायकलस्वाराच्या खाती पडतो. पावसाळ्यानंतर डांबराची कड आणि मुरमाची साइडपट्टी यांत खाच पडते. डाव्या कडेने चालविण्याचा उपदेश पाळणारी मुलगी नेमकी त्या खाचेवर चाक ठेवते!

२०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत खाणपट्टेधारकांचा पैसा खाणबाधितांसाठीच जमा होतो. त्यातून शाळांच्या वाटेवरील साइडपट्ट्या भरता येतील, प्रत्येक सायकलीस दिवा देता येईल. हिवाळ्यात शाळा साडेचारला सोडावयास तर एक रुपयाही लागत नाही.