लायब्ररीचं बिल कोण भरतं?

आमच्या भागातल्या वाचनालयात काउंटरवर एक दानपेटी आहे. दहावीच्या सुट्टीपासून मी ती बघतेय. इतक्या वर्षांत तिच्यात कुणी पैसे टाकताना मी एकदाच पाहिलं. ते आजोबा वर्गणी भरून उरलेले सुट्टे परत पाकिटात ठेवायचा कंटाळा आला म्हणून टाकत होते. कॉलेजच्या फेस्टसाठी मात्र आम्ही चार जणांनी एका आठवड्यात अख्खा बाजार पालथा घातला होता. डीजे म्हटलं की दुकानदार खिशात हात घालतो. पुस्तकं म्हटलं की चहा पाजून वाटेला लावतो.

मग ज्या शहरात सगळंच महाग, तिथली फुकट लायब्ररी कशी चालते? न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची ती दोन संगमरवरी सिंहांची इमारत तुम्ही एखाद्या तरी सिनेमात पाहिली असेल. 1911 साली ती लोकांसाठी उघडली. पुढे मंदीच्या काळात तिथल्या महापौरांनी, ला गार्डियांनी, त्या सिंहांना नावं दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर एक ‘धीर’ आणि दुसरा ‘हिंमत’. निधी गोळा करणाऱ्या कुठल्याही टीमला ही नावं चालतील!

गंमत अशी की नावात ‘पब्लिक’ असलं तरी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी हे सरकारी खातं नाही. 1895 मध्ये अॅस्टर आणि लेनॉक्स या दोन धनिकांची ग्रंथालयं आणि टिल्डन नावाच्या एका राजकारण्यानं मृत्युपत्रात ठेवलेला पैसा एकत्र करून ही संस्था उभी राहिली. तिला आजही दोन खिसे आहेत. गल्लोगल्लीच्या शाखा मुख्यतः महापालिकेच्या पैशावर चालतात, तर मोठी संशोधन ग्रंथालयं बऱ्याच अंशी देणग्यांवर. आणि ही सांभाळते फक्त मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या लायब्रऱ्या वेगळ्या.

शाखांचं जाळं उभं राहिलं त्यामागे एका पोराचं भांडण आहे. अँड्र्यू कार्नेगी. स्कॉटलंडहून आलेलं गरीब कुटुंब, पोरगा आधी कापड गिरणीत, मग पिट्सबर्गमध्ये तारा पोचवणारा. जवळच अॅलेगेनीत कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ आपली चारेकशे पुस्तकं दर शनिवारी कामकरी मुलांना वाचायला देत. पुढे ते ग्रंथालय वाढलं आणि नियम आला, की रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांनाच पुस्तकं फुकट, बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर भरायचे. तारवाला पोरगा ‘बाकीच्यांत’ गेला. सतराच्या आसपासच्या या पोरानं सरळ पेपरला पत्र लिहिलं. ग्रंथालयानं उत्तर दिलं, यानं पुन्हा लिहिलं, आणि शेवटी नियम बदलला. म्हणजे लायब्ररीसाठी त्यानं केलेलं पहिलं काम देणगी देण्याचं नव्हतंच. तक्रार करण्याचं होतं.

हाच कार्नेगी पोलादाच्या धंद्यात अफाट श्रीमंत झाला आणि 1901 मध्ये त्यानं न्यूयॉर्कला शाखा बांधायला 52 लाख डॉलर देऊ केले. त्यातून तिन्ही लायब्रऱ्यांच्या मिळून 67 इमारती झाल्या. पण देणगीला अट होती. जागा शहरानं द्यायची आणि लायब्ररी चालवण्याचा कायमचा खर्चही शहरानंच उचलायचा. मला विचाराल तर 52 लाखांपेक्षा ही अट जास्त मोलाची. इमारतीला देणगीदार मिळतो, फीत कापायला पाहुणेही मिळतात. दिव्याचं बिल आणि ग्रंथपालाचा पगार यांच्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यांना कुणी वाली नसतो.

त्याचे पैसे सगळ्यांनी डोळे मिटून घेतले असंही नाही. 1892 मध्ये त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात संप झाला, गोळीबारात माणसं मेली. आमचा पगार कापून आम्हालाच पुस्तकं कसली देतोस, असं म्हणणारे कामगार होते. डेट्रॉइट शहरानं तर हो म्हणायला 1910 उजाडवलं.

अमेरिकेतली ही वाचनालयं आपल्या सयाजीराव गायकवाडांनीही पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. गावच्या ग्रंथालयासाठी त्यांच्या संस्थानाचा हिशेब भारी होता. गावानं वर्गणी काढून एक वाटा उभा करायचा, मग तेवढाच वाटा पंचायत देणार आणि तेवढाच सरकार. कार्नेगीनं शहराला बांधून घेतलं, सयाजीरावांनी गावाला आणि सरकारला एकमेकांशी बांधलं.

आता आजचं बघू. न्यूयॉर्कच्या लायब्ररीनं पोरांनाही निधीच्या कामात ओढलंय. ‘यंग लायन्स’ नावाचा विशीतिशीतल्या सभासदांचा गट आहे. वर्षाची फी भरा, लेखकांच्या गप्पांना आणि पार्ट्यांना या, पैसे लायब्ररीला. 2001 पासून हा गट पस्तिशीपर्यंतच्या कथा-कादंबरीकारांना 10 हजार डॉलरचा पुरस्कारही देतो. तो सुरू करणाऱ्यांत अभिनेता ईथन हॉक होता. एकदम आपल्या फेस्टसारखं वाटतं ना? फक्त इथे डीजेच्या जागी लेखक.

मोठ्या देणग्यांची गोष्ट मात्र वेगळी. 2008 मध्ये स्टीफन श्वार्झमन या गुंतवणूक उद्योजकानं 10 कोटी डॉलर जाहीर केले आणि सिंहांच्या इमारतीला त्याचं नाव लागलं. त्याच वर्षी मॅनहॅटनमधलीच डॉनेल ही लाडकी शाखा बंद झाली, कारण तिची जागा विकली गेली होती. तिथे उंच हॉटेल आलं आणि लायब्ररी परत उघडली 2016 मध्ये, हॉटेलच्या खाली, पूर्वीपेक्षा लहान होऊन. एका इमारतीवर नाव चढत होतं आणि दुसरी पुसली जात होती. हे वाचल्यावर मला गाला डिनरचे फोटो पूर्वीइतके चकचकीत वाटेनासे झाले.

तरी एक निर्णय मात्र मनापासून आवडला. ऑक्टोबर 2021 मध्ये शहराच्या तिन्ही लायब्रऱ्यांनी उशिराचा दंडच रद्द केला. 15 डॉलर थकले की कार्ड बंद व्हायचं आणि अशी जवळपास 4 लाख कार्डं बंद पडली होती. त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांमधली होती. ज्यांच्यासाठी फुकट लायब्ररी काढली, तेच बाहेर. (माझंही एक पुस्तक अकरावीपासून घरी आहे. दंडाच्या भीतीनं परत केलं नाही, आता लाजेनं करवत नाही.)

आणि देणगीची हद्द कुठे संपते ते 2023 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. महापौरांनी बजेटला कात्री लावली आणि तिन्ही लायब्रऱ्यांनी रविवार बंद केला. कोट्यवधींचे देणगीदार असूनही रविवार वाचला नाही, कारण रविवारचा पगार शहराच्या खिशातून जात होता. मग वाचकांनी काय केलं? जे त्या तारवाल्या पोरानं केलं होतं तेच. पत्रं लिहिली, नगरसेवकांना गाठलं, बजेटच्या सुनावण्यांना जाऊन बोलले. 2024 च्या उन्हाळ्यात शहरानं लायब्रऱ्यांचे 5 कोटी 83 लाख डॉलर परत दिले आणि रविवारचे दरवाजे पुन्हा उघडले.

आमचं वाचनालय रविवारी बंद असतं. का, ते मी आजवर कुणाला विचारलेलंच नाही. या शनिवारी ते अकरावीचं पुस्तक परत करायला जाणार आहे, तेव्हा काउंटरवर विचारीन.