तासाची साठ मिनिटे : मुलांना वेळेचा हिशेब शिकवताना

आपल्या वसाहतीत रविवारी सकाळी प्राथमिक शाळेतील मुलांचा जो अभ्यासवर्ग भरतो, त्यात गणिताची बाजू सांभाळण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. वास्तविक आम्ही कला शाखेचे पदवीधर. आकड्यांशी आमची ओळख बँकेच्या काउंटरवर झालेली. पण "बँकेत आहेत म्हणजे गणित येतच असणार" अशा समजुतीने हे काम आमच्याकडे आले आणि राहिले. त्यातून जे थोडेफार शिकायला मिळाले ते पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

एका रविवारी चौथीच्या मुलांना आम्ही एक साधे उदाहरण घातले. भाईंदरहून गाडी सकाळी ८.४७ ला सुटली आणि १०.१२ ला पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला? एका हुशार मुलाने वहीत सुबक अक्षरात १०.१२ वजा ८.४७ अशी मांडणी करून उत्तर लिहिले : १.६५. आम्ही विचारले, "म्हणजे किती रे?" तो म्हणाला, "एक तास पासष्ट मिनिटे, सर." "आणि एका तासाची मिनिटे किती?" "साठ." हे उत्तर देतानाही त्याच्या चेहऱ्यावर शंकेची रेषा उमटली नाही. तासाची साठ मिनिटे हे त्याला पाठ होते, वजाबाकीही येत होती. पण या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठच पडली नव्हती.

अशा वेळी घरी मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. आमचे म्हणणे असे की, त्या मुलाने केले ते त्याच्या जागी रास्तच होते. आज मूल जे जे मोजायला शिकते ते सारे दहाच्या आणि शंभराच्या पटीत असते. शंभर पैशांचा रुपया, शंभर सेंटिमीटरचा मीटर, हजार ग्रॅमचा किलो. आपल्या आजोबांच्या पिढीचे तसे नव्हते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा होता. बाजारात शेर, छटाक चालत. प्रत्येक मापाचा हातचा वेगळा, हे त्या मुलांना बाजारहाट करतानाच कळत असे. हळूहळू सगळी मापे दशमान झाली, वेळ तेवढी राहिली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करून पाहिली होती. पण ते लोकांच्या अंगवळणी पडले नाही आणि १७९५ मध्ये सोडून द्यावे लागले. साठाची पद्धत मूळ बॅबिलोनची, हजारो वर्षांची. आपल्याकडेही दिवसाच्या साठ घटका आणि घटकेची साठ पळे होतीच. घटका चोवीस मिनिटांची, म्हणून अडीच घटकांचा एक तास.

मुलांच्या गोंधळात आणखी भर घालतो तो एक ठिपका. मराठीत आपण वेळ ८.४७ अशी लिहितो आणि रुपयेही ८.४७ असेच लिहितो. ठिपका तोच, अर्थ मात्र निराळा. रुपयांतल्या ठिपक्यामागे शंभर उभे असतात, वेळेतल्या ठिपक्यामागे साठ. त्या मुलाने तासाकडून एक उसना घेतला तेव्हा साठ मिनिटे घ्यायची ती शंभर घेतली, म्हणून उत्तर चाळीस मिनिटांनी वाढले. खरे उत्तर १ तास २५ मिनिटे. पालकांनी मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. उत्तर चाळीस मिनिटांनीच चुकलेले दिसले, तर चूक कुठली हे लगेच ओळखता येईल. आम्ही तेव्हापासून वर्गात ठिपका बंदच केला. दोन रकाने आखायचे, वर 'तास' आणि 'मिनिटे' असे लिहायचे, आणि मिनिटांच्या रकान्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने ६०.

हा ठिपका मोठ्यांनाही सोडत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॉलिशच्या कामावर आहेत. जादा कामाचे पैसे कमी येतात असे त्यांना वाटे, पण नेमके कुठे ते सांगता येत नसे. त्यांनी एकदा चिठ्ठी आणून दाखवली. जादा काम ३.४०, म्हणजे ३ तास ४० मिनिटे. हिशेब करणाऱ्याने कॅल्क्युलेटरवर ३.४० दाबून त्याला दराने गुणले होते. यंत्राला बिचाऱ्याला तास-मिनिटे काय कळणार? त्याच्या लेखी ठिपका म्हणजे दशांशचिन्ह. सोयीसाठी दर तासाला ६० रुपये, म्हणजे मिनिटाला एक रुपया धरू. ३.४० गुणिले ६० म्हणजे २०४ रुपये. आता मिनिटे करून पाहा : तीन साठे एकशेऐंशी आणि चाळीस, एकूण २२० मिनिटे, म्हणजे २२० रुपये. दिवसाला १६ रुपयांचा फरक. असे पंचवीस दिवस भरले तर महिन्याला ४०० रुपये. कोणी मुद्दाम फसवले असे आम्ही म्हणत नाही, पण पैसे गेले ते गेलेच. हा हिशेब त्या मुलाने स्वतः वर्गात मांडला आणि वडील तो कागद घेऊन कामावर गेले. पुढच्या महिन्यापासून चिठ्ठीवर मिनिटे लिहून येऊ लागली. मागचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

बँकेतही हे पाहतो. मुदत ठेवीच्या अर्जावर '२.६ वर्षे' असे लिहिलेले असते आणि मनात असतात दोन वर्षे सहा महिने, म्हणजे अडीच वर्षे, २.५. तिथे बारा महिन्यांचा हातचा विसरलेला असतो.

आता शिकवायचे कसे? आमचा अनुभव असा की, घड्याळाच्या आधी वेळ अंगात भिनावी लागते. मुलांना डोळे मिटून बसवावे आणि एक मिनिट झाले असे वाटेल तेव्हा हात वर करायला सांगावे. बहुतेकांचे हात फार लवकर वर जातात आणि वर्गात हशा पिकतो, पण मिनिट केवढे असते ते त्यांना उमगते. मग घरातली कामे मोजावीत. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला किती मिनिटे लागतात, टाकी भरायला किती, घरापासून स्टेशनपर्यंत चालत किती? त्यानंतर काट्यांचे घड्याळ. मोबाइलवर आकडे दिसतात, तासाचा काटा दिसत नाही. म्हणून घरात एक तरी काट्यांचे घड्याळ चालू स्थितीत असावे. मोठ्या काट्याला पाचाचा पाढा पुरतो. घोटाळा करतो तो लहान काटा. आठ वाजून पन्नास मिनिटांनी तो नवाला जवळजवळ टेकलेला असतो, म्हणून मूल नऊ पन्नास वाचते. पुठ्ठ्याच्या घड्याळातला मोठा काटा काढून टाकावा आणि एकट्या लहान काट्यावरून वेळेचा अंदाज करायला लावावा. तो एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, तासभर सरकत असतो, हे अशाने चांगले ठसते.

रूपांतराला सहाचा पाढा आला की निम्मे काम झाले. तासांची मिनिटे करताना गुणायचे, मिनिटांचे तास करताना साठ-साठचे गठ्ठे बांधायचे. २०० मिनिटे म्हणजे तीन गठ्ठे आणि वर वीस, ३ तास २० मिनिटे. नोटांची बंडले बांधण्याची सवय असल्यामुळे असेल, आम्हांला हा 'गठ्ठा' शब्द भागाकारापेक्षा जवळचा वाटतो आणि मुलांनाही तो आवडतो.

वजाबाकीला मात्र उभ्या मांडणीपेक्षा टप्प्याटप्प्याने जाणे बरे. ८.४७ वरून आधी ९ ला जा, १३ मिनिटे. नवावरून दहा, १ तास. दहावरून १०.१२, आणखी १२ मिनिटे. मिळून १ तास २५ मिनिटे. उसने घ्यावे लागत नाही, म्हणून चूकही होत नाही. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहताना आपण मनात असेच मोजतो. दुपारचे बारा ओलांडायचे असतील तर बारा हाच मधला थांबा धरावा. सकाळी १०.४० ते दुपारी १.१५ म्हणजे बारापर्यंत १ तास २० मिनिटे आणि पुढे १ तास १५ मिनिटे, एकूण २ तास ३५ मिनिटे. रात्रपाळीचा हिशेबही तसाच; अकरा ते सात म्हणजे मध्यरात्रीपर्यंत एक आणि पुढे सात.

मध्यरात्रीवरून आठवले. आम्ही एकदा पुतणीच्या लग्नाला गावी निघालो होतो. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.२०. आम्ही १५ तारखेला रात्री जेवूनखाऊन दादरला पोहोचलो. गाडी आदल्याच रात्री, म्हणजे १४ तारीख संपून वीस मिनिटे झाली तेव्हा निघून गेली होती! दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासणारे आम्ही, आणि लग्नाला पोहोचलो ते जेवणावळी उठल्यावर. रेल्वेचे चोवीस तासांचे घड्याळ चौथीपासून शिकवावे असा आमचा आग्रह आहे तो यामुळे. दुपारी एकपासून पुढे बारा मिळवायचे, आणि ००.०० ला तारीख बदलायची, एवढेच त्यात आहे.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांची आणखी एक अडचण होते. आजी म्हणते, "पाऊण वाजता ये," आणि नातू तोंडाकडे पाहत राहतो. पाऊण म्हणजे पावणेएक, १२.४५. सव्वा, साडे, दीड, अडीच हे शब्द अपूर्णांकच आहेत. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. त्या मुलांना पाऊण तासाची पंचेचाळीस मिनिटे वेगळी शिकवावी लागत नसत. सगळी नाही तरी पाऊणकी घरी जरूर म्हणवून घ्यावी.

या पाऊणकीचा उपयोग आपल्या शेजारीच, उत्तनच्या कोळी बांधवांकडे पाहायला मिळतो. तिथेच कशाला, साऱ्या कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते आणि पुढे दर तिथीला साधारण पाऊण तास मागे सरकते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. हिशेब ठोकळ आहे, पण तोंडी होतो. आम्ही हे वर्गात सांगितले आणि पंचमीची भरती विचारली. एका मुलीने पाचाला पाऊणने गुणून फळ्यावर लिहिले ३.७५, आणि मागच्या बाकावरून आमचा तो १.६५ वाला ओरडला, "सर, ते पावणेचार!"